रहाटाजवळचे चौघे

दुर्गाच्या डाव्या मांडीमागे साबण फिरवता फिरवता स्मृतीचा हात थांबला. तिथे एक पट्टा उमटला होता. दोन बोटं रुंद, आणि लांबीला फार नाही, पण तीन वर्षांच्या मांडीला तेवढं म्हणजे जवळजवळ पुरी मांडीच. मधली कातडी नुसती गुलाबी झालेली, आणि दोन्ही कडांना बारीक जांभळी रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ. एका कडेला पिवळं काहीतरी चिकटून होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं आणि नाकाशी नेलं. हळद. परवाच दसरा झाला होता. दुर्गा बादलीत प्लास्टिकचा मग बुडवत होती, पुन्हा वर काढत होती, त्याच्याशी तिचं काहीतरी चाललं होतं. पाठीवरून ओघळणारा फेस तिला गुदगुल्या करत होता आणि ती खांदे आखडून घेत होती. हे काय झालं गं राणी, म्हणून स्मृतीने विचारलं, तेव्हा मान न वळवता ती म्हणाली, काही नाही. मोठी बाई पाहुण्यांना म्हणते तसं. स्मृतीने त्या पट्ट्यावर ओला तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. पोरीची मांडी गरम होती, मऊ होती, दुधाची साय हाताला लागावी तशी, आणि त्या सायीखाली तो पट्टा तिला तळहाताने वाचता येत होता. कुठली कड आधी लागली, कुठली नंतर. ही लिपी तिला येत होती. ती सात-आठ वर्षांची असताना भावाच्या, संग्रामच्या पाठीवर तिने ती रोज वाचली होती.

तिने पोरीला पुसलं, पावडर लावली, फ्रॉक घातला, दोन शेंड्या बांधल्या. हात कामं करत होते. डोक्यात मात्र एक हिशेबी बाई येऊन बसली होती आणि ती शांतपणे सांगत होती, की वडिलांना, आबांना अर्धांग झाल्याला दोन वर्षं होतील, त्यांचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी वस्तू विसरून राहावी तसा पडलेला असतो, त्यांच्याने पाण्याचा पेला उचलवत नाही, तेव्हा ते शक्य नाही. झोक्याची दोरी असेल. खुर्चीची कड असेल. हळद तर काय, दसऱ्याला घरभर असते. आबांच्या त्या दोन खोल्यांत आणखी एक माणूस राहतं, तिथवर विचार गेला, आणि तिने त्याला दारातूनच परत पाठवला. नवरा, पुष्कर, भोपाळला गेला होता, शुक्रवारी येणार होता. अकराला कला महाविद्यालयात तिचा वर्ग होता. दर्पण कॉलनीतलं पाळणाघर दिवाळीपर्यंत बंद होतं. तिने स्कूटर काढली, दुर्गाला पुढे उभं केलं, आणि बिर्लानगरला आई-आबांकडे निघाली.

आई दारातच होती. पदराने हात पुसत तिने दुर्गाला उचललं, पुष्कर आला का म्हणून विचारलं, हाजिऱ्याच्या चौकात आज ट्रॅफिक जाम आहे का म्हणाली, कपाळावरचा घाम बघून तिला पाणी आणून दिलं. स्मृतीने पाणी प्यायलं. आबा खुर्चीत होते, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, डोळे तेच. भिंतीवर देवांच्या शेजारी म्यान नसलेली तलवार आणि खिळ्याला तो चामड्याचा पट्टा, दोन्हींवर दसऱ्याचं हळदकुंकू. ती विचारणार होती. जिभेवर शब्द तयार होता. पण आईने दुर्गाच्या तोंडात खडीसाखर घातली आणि दुर्गाने मुकाट तोंड मिटलं, आणि स्मृतीला वाटलं, संध्याकाळी विचारू, निवांत. तिने पेला मोरीत ठेवला. पोरीने हात हलवला नाही. गल्लीच्या वळणावर स्कूटरला ब्रेक लावून ती क्षणभर थांबली, हे तिला नंतर आठवलं. मागून एक टमटम हॉर्न वाजवत आली आणि ती पुढे झाली.

वर्गातले पडदे ओढलेले होते आणि भिंतीवर ते चित्र होतं. वेदीवर ठेवायचं, दोन झडपांचं, तीन फळ्यांचं चित्र. फ्लँडर्स, ल्यूव्हेन गाव, साडेपाचशे वर्षांपूर्वीचं, डीरिक बाउट्स नावाच्या माणसाने तिथल्या चर्चसाठी केलेलं. दरवर्षी या आठवड्यात ती ते शिकवायची आणि दरवर्षी मुलं आधी हसायची. मधल्या फळीवर एक म्हातारा संत उताणा, लाकडाच्या पाटावर, हातपाय बांधलेले, कमरेला एक फडकं. त्याचे धर्मगुरूचे भरजरी कपडे आणि टोपी बाजूला जमिनीवर. पोटाला एवढीशी चीर. त्या चिरेतून आतडं निघालंय, सुताच्या धाग्यासारखं, आणि वर एक रहाट आहे, विहिरीवर असतो तसा, त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी राहून तो फिरवताहेत. आतडं रहाटावर गुंडाळलं जातंय. वेढ्याला वेढा लागून, नीट. रक्त नाहीच म्हटलं तरी चालेल. फिरवणाऱ्यांच्या तोंडावर राग नाही, घाई नाही. दिवसभराचं काम आहे आणि संध्याकाळपर्यंत ते व्हायचं आहे. मागे चौघे उभे आहेत, एक किनखापातला बादशहा आणि तिघे त्याचे. ते बघताहेत. आणि त्यांच्याही मागे तिन्ही फळ्यांवरून सलग गेलेल्या टेकड्या, झाडं, स्वच्छ निळं आकाश, जणू या सगळ्याशी त्यांचं देणंघेणं नाही.

ती हिंदीतून सांगत होती, नेहमीचंच. की हा संत म्हणे खलाशांचा कैवारी. जहाजावर नांगर ओढायला रहाट असतो, म्हणून त्याच्या हातात खूण म्हणून रहाट काढायचे. पुढे समुद्रापासून लांब राहणाऱ्या लोकांना जहाजावरचा रहाट काही ओळखू येईना, आणि त्यांनी ठरवलं की संताच्या हातात दिसतंय म्हणजे याच्यानेच त्याला मारलं असणार. काही जण तरी असं मानतात. मग गोष्ट तयार झाली, आणि गोष्टीला चित्रं. मुलं हसली. स्मृतीही दरवर्षी इथे हसायची. कारण इथे तिला बडोद्याचं ते संग्रहालय आठवायचं, शिकत असतानाचं, जिथे एका कोपऱ्यात जुना यांत्रिक माग ठेवला होता. मागाच्या दांड्याला, आडव्या धाग्याचा धोटा फेकण्यासाठी, चामड्याचा एक जाड पट्टा. दोन बोटं रुंद. एका टोकाला दोन भोकं. ती त्याच्यासमोर उभी राहून इतकी हसली होती की पहारेकऱ्याने येऊन तब्येत विचारली. घरी तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं की भिंतीवरचा तो पट्टा म्हणजे पणजोबांच्या पणजोबांचा कोरडा, घोडेस्वाराचा चाबूक, शिंद्यांच्या रिसाल्यातला. ते घोड्यावरून दिल्लीपर्यंत गेले होते. आणि तो होता मिलचा. आबा विणकर होते, मागावर. मिल बंद पडली त्या दिवशी त्यांनी तो मागावरून सोडवून सदऱ्याखाली लपवून आणला असणार. त्या वर्षी दसऱ्याला आईने तो पूजेत ठेवला, विळीच्या, सुरीच्या आणि तिच्या शिवणाच्या कात्रीच्या शेजारी. दुसऱ्या वर्षी कात्री आणि विळी राहिल्या स्वयंपाकघरात, पट्टा सरकला तलवारीशेजारी. तिसऱ्या वर्षी त्याला घोडा मिळाला. आबा मग सराफ्यात एका पेढीच्या दारात बंदूक घेऊन बसायला लागले, मिशा वाढवल्या, आणि गोष्टीतल्या रिसालदाराला नावगाव आलं. खोटं बोलत होते असं तिला आता वाटत नव्हतं. रोज त्याला नमस्कार करता करता ते विसरले असतील. पट्टा मात्र स्वतःचं काम विसरला नव्हता. मिलमध्ये तो दिवसभर एकाच ठेक्यावर आपटायचा, घरात संध्याकाळी आपटायचा. आबा कधी रागाने मारत नसत. सराफ्यातून येत, चपला जोडीने ठेवत, पाणी पीत, मग संग्रामला बोलावत. दूध नासलं असेल, प्रगतिपुस्तक आलं असेल, काही नसेल. एक, आणि मग थोडं थांबून दुसरा. ते थांबणं वाईट होतं. पट्टा हवेत कधी वळतोय हे त्या थांबण्यात ऐकू यायचं. संग्रामची पाठ साल काढलेल्या केळ्यासारखी ओली दिसायची, आणि तो दात एवढे आवळायचा की एकदा दाढेचा तुकडा पडला. तो त्याने थुंकला नाही, मुठीत धरून ठेवला. आई त्या वेळात उठून खिडकी लावायची आणि भाकरी उलटायची. सतराव्या वर्षी तो सुरतेला पळाला. त्यानंतर त्याने कधी घरी पाऊल ठेवलं नाही; वर्षातून एकदा स्मृतीला फोन करतो, आईचं विचारतो, आबांचं विचारत नाही.

तिने पॉइंटर फिरवला. या शांततेबद्दल बोलायचं होतं, बाउट्सच्या शांततेबद्दल. त्याच्याबद्दल फारसं काही कळत नाही, ती म्हणाली, थोडे कागद, थोडी कंत्राटं. त्याचे दोन मुलगे होते, दोघेही पुढे चित्रकार झाले. हे वाक्य ती दरवर्षी म्हणायची आणि पुढे जायची. आज पुढे जाईना. ल्यूव्हेनच्या त्या घरात, खाली रंग वाटले जात असतील, जवसाचं तेल, दगडाच्या पाट्यावर निळा रंग, मोलामहागाचा. आणि एखाद्या पोराच्या हातून ती वाटी लवंडली असेल, तेव्हा तो शांत माणूस काय करत असेल? चपला जोडीने ठेवत असेल? कुठल्याच कागदात ते नव्हतं. पण इतकं बारीक आतडं, इतका स्वच्छ धागा काढणाऱ्या माणसाचा हात थरथरला नसणार, आणि हात कापत नाही तो एकतर सवयीने किंवा ब्रश हातात धरायच्या आधी ते सगळं होऊन गेलेलं असतं म्हणून. पहिल्या बाकावरची मुलगी, नेहमी वहीत बघणारी, हात वर करून म्हणाली, "मॅम, इन चारों को तो किसी ने पकड़ा भी नहीं है। जा सकते थे ना?"

स्मृतीने तोंड उघडलं. सांगायचं होतं की ही त्या काळाची शैली आहे, की चेहऱ्यावर भाव न दाखवणं म्हणजे प्रतिष्ठा, की प्रार्थना करणाऱ्याने सैरभैर होऊ नये म्हणून. भिंतीवरच्या चौघांमधला एक, कडेचा, तिच्याकडे बघत नव्हता, कुणाकडेच बघत नव्हता, नुसता उभा होता, आणि त्याचं ते उभं राहणं तिला आपल्या पायांत कळलं. टाचा जुळवून, हात पुढे बांधून. कारण लहानपणी पट्टा उंच खिळ्याला असायचा आणि आबा खुर्चीतून उठत नसत. ते म्हणायचे, स्मृती, आण. आणि ती स्टूल ओढायची, वर चढायची, पट्टा काढायची, दोन्ही हातांनी आणून द्यायची, पूजेचं ताट द्यावं तशी. मग मागे सरकून भिंतीला उभी राहायची. संपल्यावर परत जागेवर ठेवायची. संग्रामने तिला एकदाही काही म्हटलं नाही. तिला कुणी मारलं नाही. ती शहाणी होती. आज सकाळी तिने पाणी प्यायलं होतं आणि पेला मोरीत ठेवला होता. "हो," ती मराठीतच म्हणाली, "जाता आलं असतं." मग तिने प्रोजेक्टरही बंद केला नाही. पर्स उचलली आणि मुलं बघत असताना वर्गातून बाहेर पडली.

ऊन भर माथ्यावर होतं. रस्त्यात तिने कुणाला तरी कट मारला, कुणीतरी शिवी दिली, मिलच्या पडक्या भिंतीजवळ स्कूटर घसरता घसरता वाचली, आणि सगळ्या वाटभर तिला फक्त एक गोष्ट दिसत होती, खडीसाखर तोंडात घेऊन मिटलेले ते ओठ. घराचं दार लोटलेलं होतं. ऑक्टोबरच्या एवढ्या उकाड्यात खिडकी लावलेली. आत दुर्गा पाटावर बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. खेळणं नाही, काही नाही. नुसती बसली होती. आई मेथी निवडत होती. आबांच्या खुर्चीखाली स्टीलची थाळी उलटी पडलेली, वरणाचा ओघळ भिंतीवरून खाली आलेला, अजून ओला. दुर्गाने स्मृतीकडे पाहिलं, तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने तो आवरला. हे आवरणं स्मृतीने पाहिलं. पोरीला उचलून, फ्रॉक वर करून, तिने ती मांडी आईसमोर धरली आणि विचारलं, हे कुणी केलं. तिला वाटलं होतं आई नाकारेल.

आईने मेथीची काडी मोडली. "मी," ती म्हणाली. "एकदाच. हलक्या हाताने."

मग ती बोलत राहिली, आवाज न चढवता, मधेच एखादं पान खुडत, शेजारणीला भाजी कशी करायची ते सांगावं तसं. की यांना आता आवाज सोसत नाही. पोरगी तुझ्या नावाने रडायला लागली की यांचा डावा हात सुटतो, जे सापडेल ते फेकतात. काल पितळी तांब्या फेकला, पोरीच्या कानाजवळून गेला, बघ, भिंतीचा टवका उडालाय. कानावर बसला असता तर? म्हणून तिने पट्टा काढला, पोरीला एक दिला, तोंडावर बोट ठेवून दाखवलं, आणि पोर एकदम गप. तेव्हापासून काही त्रास नाही. फार समजूतदार आहे, तुझ्यासारखी. मी मारलं ते थोडं, ती म्हणाली. त्यांच्या हातून झालं असतं ते थोडं नसतं. मग तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. "संग्रामच्या वेळी मला हे सुचलं नाही बघ. मी आधीच थोडं मारलं असतं तर वाचला असता पोरगा."

पुढचं स्मृतीला नीट लावता येत नाही. पोरगी तिने खाली ठेवली असणार. पट्टा खिळ्यावरून निघाला. स्टूल लागलं नाही. हाताला त्याचं वजन ओळखीचं होतं, पण ते नेहमी आडवं, दोन तळव्यांवरचं. असं एका मुठीतलं वजन तिला माहीत नव्हतं, ते फार सोपं होतं, ते स्वतःच ओढत होतं. आईच्या दंडावर तो बसला तेव्हा मेथीची पानं उडाली. दुसरा खांद्यावर. मधे ती थांबली होती. आबांसारखी. हे तिला ऐकू आलं, आपलं थांबणं, आणि तरी दुसरा बसला. चोळीची शिवण उसवली, पांढऱ्या कातडीवर दोन कडा उमटल्या आणि मधे हळदकुंकवाचा लालपिवळा फराटा. आई ओरडली नाही. ती उठली, एका हाताने दंड धरून खिडकीपाशी गेली, कडी नीट लागलीय का ते चाचपलं, आणि परत येऊन बसली. म्हणाली, "दार लोटून घे. बाहेर सुधाताई बसल्यात." खुर्चीतल्या आबांनी डोळे मिटून घेतले होते, गच्च, लहान मूल मिटतं तसे. आणि भिंतीला टेकून, टाचा जुळवून, दुर्गा उभी होती. तिला कुणी धरलं नव्हतं. ती रडत नव्हती. ती बघत होती.

पट्टा स्मृतीच्या हातातून पडला की तिने टाकला, कोण जाणे. तीन वर्षांच्या त्या गोल, खडीसाखरेने चिकट झालेल्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, टेकड्यांवरच्या आकाशासारखं काहीच नव्हतं. आता जर मी दार लोटलं, स्मृतीच्या मनात आलं, खाली बसून आईला हळद लावली, संध्याकाळी पुष्करला फोनवर सांगितलं की आता पाळणाघरच बरं, आईला झेपत नाही, तर हा चेहरा असाच राहील. मोठा होईल, शिकेल, चित्रं समजावून सांगेल. कुणाला कळणार नाही. तिने दुर्गाला उचललं आणि दार पूर्ण उघडून बाहेर आली.

गल्लीत ऊन पसरलं होतं. शेजारच्या पायरीवर सुधाताई सुपात तांदूळ पाखडत होत्या. आबांच्याच मिलमधल्या एका जोडीदाराची ही विधवा, चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली. समोर दोन बायका नळावर होत्या. आईने आतून हाक मारली, हळू आवाजात, स्मृती, आत ये गं, लोक बघतात. स्मृती पायरीवरून उतरली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, नळावरच्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सुधाताई, मी आत्ता आईला पट्ट्याने मारलं. आईने हिला मारलं. आबा संग्रामला मारायचे, तेव्हा पट्टा मी आणून द्यायचे."

सूप थांबलं. नळाचं पाणी घागर भरून वाहायला लागलं, ते कुणी बंद केलं नाही. सुधाताईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं, फ्रॉकखालून दिसणाऱ्या त्या रेघेकडे पाहिलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "भिंत एका विटेची आहे बेटा. तुम्ही एवढे एवढे होतात तेव्हापासून सगळं ऐकू येतंय."

"मग आला का नाहीत कधी?"

सुधाताईंच्या हनुवटीखालची सुरकुती हलत राहिली. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला हात लावून उठल्या, गुडघा धरून क्षणभर तशाच वाकलेल्या राहिल्या, आणि त्या तीन पायऱ्या, ज्या एवढ्या वर्षांत फक्त हळदीकुंकवाला आणि दुखवट्याला चढल्या होत्या, चढून आत गेल्या. बाहेर ऐकू आलं, त्या म्हणत होत्या, विजयाबाई, दंड दाखवा बघू. आई म्हणाली, काही नाही झालं, तुम्ही बसा, चहा टाकते. पुन्हा सुधाताई म्हणाल्या, दाखवा. आणि मग एक विचित्र, खरखरीत आवाज आला, कुणीतरी जड पेटी फरशीवरून ओढावी तसा. स्मृतीला कळायला वेळ लागला की आई रडतेय. हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

दुर्गाने मान वळवून दाराकडे पाहिलं. "आजी रडते?"

"हो."

"मोठ्याने?"

"हो. मोठ्याने."

दुर्गा थांबली. तिने स्मृतीच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे, पुन्हा तोंडाकडे, जिन्याच्या अंधारात पायरी चाचपून बघावी तसं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. तिने एक बारीकसा हुंदका काढून पाहिला. काही झालं नाही. स्मृती तिला तशीच धरून होती. तेव्हा दुर्गाने छाती भरून श्वास घेतला, मान मागे टाकली, आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, गळा काढला.